नाही म्हणायचे, तर लेखी म्हणा
सभासद शिक्षण : कर्ज देताना भेदभाव होऊ नये म्हणून कायद्याने दिलेले संरक्षण



ऊस हे बारा ते अठरा महिन्यांचे पीक. बेणे, सरी, खताचे हप्ते, बांधणी, पाणी या सगळ्याला पैसा आधी लागतो आणि बिल मात्र गाळपानंतर मिळते. मधला काळ पीककर्जावरच निघतो. म्हणून ऊस विकासाच्या पानावर यावेळी आम्ही खोडवा-पाचटाचा विषय बाजूला ठेवून कर्जाचा विषय घेत आहोत. बेणे कितीही चांगले असो, वेळेवर कर्ज नाही तर लागण वेळेवर नाही.

कर्ज मागणाऱ्या प्रत्येकाला कर्ज मिळालेच पाहिजे, असे कोणताही कायदा म्हणत नाही. पण कर्ज का नाकारले हे मागणाराला कळले पाहिजे, आणि ते कारण त्याची जात, धर्म, बाईमाणूस असणे किंवा गावातला गट हे असता कामा नये, असे कायदा म्हणतो. हे संरक्षण आहे खरे, पण ते तोंडी नकारावर चालत नाही. आपल्या अहिराणीत विचारतात ना, "कागद शे का?" तोच प्रश्न इथेही आहे.

नकार किती टनांना पडतो?

आधी हिशेब मांडू. वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून २०२१-२२ पासून शून्य टक्क्याने पडते. ज्याला संस्थेने दारातून परत पाठवले, तो सावकाराकडे जातो. शेकडा तीन रुपये महिना दराने १ लाखाचे वर्षाचे व्याज ३६,००० रुपये. २०२५-२६ हंगामासाठी साडेनऊ टक्के किंवा त्याखालील उताऱ्याचा एफ.आर.पी. टनाला ३,२९० रुपये ५० पैसे. म्हणजे तोडणी-वाहतूक कापण्याआधीच जवळजवळ ११ टन ऊस नुसत्या व्याजात गेला. शेजाऱ्याच्या त्याच रानात, त्याच पाण्यावर हे ११ टन त्याच्या घरात राहिले. भेदभाव हा मानापमानाचा प्रश्न आहेच, पण तो असा वजनकाट्यावरही दिसतो.

खानदेशने हे भोगले आहे

आपल्या भागात हा विषय नवा नाही. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता (नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला). तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनी कर्जापायी आणि फसव्या व्यवहारांत दुसऱ्यांकडे गेल्या होत्या. १९७२ साली अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रमिक संघटनेच्या रूपाने त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे १९७४ साली अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याचा कायदा राज्याने केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनींना तो लागू झाला.

देशपातळीवरचे चित्रही तसेच होते. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत असे दिसले, की शेतकऱ्याने घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के. गावोगावच्या विकास सोसायट्या आणि जिल्हा बँका वाढल्या त्या हे चित्र बदलण्यासाठी. तेव्हा आपलीच सोसायटी एखाद्याला दारातून परत पाठवू लागली, तर तो माणूस पुन्हा १९५१ साली जाऊन उभा राहतो.

फरक करणे वेगळे, भेदभाव वेगळा

इथे गल्लत होऊ नये. संस्थेला फरक करावाच लागतो. मागील थकबाकी, उताऱ्यावर आधीचा बोजा, दुसऱ्या बँकेचे कर्ज लपवणे, क्षेत्र कमी असणे, पीक न लावणे ही नकाराची रास्त कारणे आहेत. ठेवीदाराचा पैसा सांभाळायचा तर हे पाहावेच लागते. कर्ज थकवून "माझ्यावर अन्याय झाला" म्हणणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही.

मग भेदभाव ओळखायचा कसा? आम्ही एक साधी कसोटी सांगतो : हीच अट बांधापलीकडच्यालाही आहे का?

पीककर्जाचा हेक्टरी दर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती पिकावर ठरवते, माणसावर ठरवत नाही. उसाचा दर सुरू, पूर्वहंगामी, आडसाली, खोडवा असा वेगळा असेल, पण पाटलाच्या आडसालीला एक आणि भिलाच्या आडसालीला दुसरा असा दर कुठेही नसतो. दोघांचे क्षेत्र सारखे, दोघेही बेबाक, दोघांचीही उसाची नोंद. तरी एकाला पूर्ण मर्यादा आणि दुसऱ्याला निम्मी. किंवा एकाला आठ दिवसांत आणि दुसऱ्याला "पुढल्या मीटिंगला या" म्हणत तीन महिने. तर मग कारण विचारलेच पाहिजे. लक्षात घ्या, मुद्दाम केलेला उशीर हाही नकारच. लागणीचा महिना गेल्यावर मिळालेला पैसा लागणीला उपयोगी पडत नाही.

कायदा काय म्हणतो?

केवळ कर्जातील भेदभावासाठी आपल्याकडे एकच असा कायदा नाही. संरक्षण वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले आहे. सोसायटीचा कायदा राज्याचा, बँकेचे नियम मुख्यतः केंद्राकडचे म्हणजे रिझर्व्ह बँकेचे. ते एकत्र बांधून पाहू.

*राज्याकडचे :* महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. विकास सोसायटीचे सभासदत्व हा कर्जाचा उंबरा आहे. कलम २३ सांगते, की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. गावातली भाऊबंदकी किंवा निवडणुकीतले पॅनल हे काही पुरेसे कारण नव्हे. नाकारायचे तर कलम २२ प्रमाणे निर्णय कारणासह कळवावा लागतो. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत काहीच कळवले नाही, तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो. सचिवाने अर्जच घेतला नाही तर? त्याचीही सोय आहे. अर्ज आणि रक्कम निबंधकाकडे द्यावी. निबंधक ती ३० दिवसांत संस्थेकडे पाठवतात आणि त्यानंतर ६० दिवसांत संस्थेने निर्णय कळवला नाही, तर सभासदत्व मिळाल्याचे धरले जाते. नकार आला तर निबंधकाकडे अपील करता येते. सभासद झाल्यावर कलम ३२ प्रमाणे सभांच्या इतिवृत्ताची आणि आपल्या व्यवहाराच्या नोंदींची नक्कल फी भरून मागता येते. आपली मर्यादा किती धरली, ठराव काय झाला, हे त्यातून कळते.

*केंद्राकडचे :* रिझर्व्ह बँकेने मे २००३ मध्ये व्यापारी बँकांना कर्जव्यवहाराची आचारसंहिता घालून दिली. लिंग, जात आणि धर्म यांवरून कर्जात भेदभाव करू नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. दुर्बल घटकांसाठीच्या खास योजनांना मात्र यामुळे बाधा येत नाही. अर्जाची पोच द्यावी आणि नाकारल्यास मुख्य कारण लेखी कळवावे, असेही त्यात आहे. लेखी कारणाचा नियम आधी २ लाखांपर्यंतच्या कर्जाला होता. २००७ पासून तो सर्व कर्जांना लागू झाला. २०१४ च्या ग्राहक हक्कांच्या सनदेत वय आणि शारीरिक क्षमता यांचाही उल्लेख आला.

अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांसाठी बँकांना आणखी एक नियम आहे. त्यांचा अर्ज शाखेच्या पातळीवर फेटाळता येत नाही. तो वरच्या पातळीवरच फेटाळावा आणि कारण स्पष्ट लिहावे. यावल-रावेरचे तडवी, चोपडा-शिरपूरचे पावरा, साक्रीचे भिल्ल आणि कोकणी बांधव यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. शाखेतला साहेब "तुमचं होणार नाही" म्हणाला, तर तो अंतिम शब्द नव्हे.

परदेशी शेतकऱ्यांचा धडा

अमेरिकेत १९७४ साली समान पतसंधीचा केंद्रीय कायदा झाला. आधी तो स्त्रीपुरुष भेद आणि विवाहित-अविवाहित भेद यांपुरता होता. १९७६ साली त्यात वंश, रंग, धर्म, मूळ देश, वय हेही आले. कर्ज देणाराने ३० दिवसांत निर्णय कळवावा आणि नकाराचे कारण सांगावे, असे तिथे बंधन आहे. अनेक राज्यांचे आपापले कायदेही आहेत.

पण कायदा असूनही तिथले कृष्णवर्णीय शेतकरी अडलेच. सरकारी शेती खात्याकडून त्यांना कर्ज उशिरा मिळे, कमी मिळे किंवा मिळतच नसे. त्यांच्या तक्रारी पाहणारे कार्यालय १९८३ साली मोडले गेले आणि अर्ज पडून राहिले. उत्तर कॅरोलिना राज्यातल्या टिमोथी पिगफर्ड या शेतकऱ्याने आणि इतरांनी १९९७ साली दावा लावला. १९९९ साली तडजोड झाली आणि ज्याचा दावा ग्राह्य ठरेल त्याला ५० हजार डॉलर देण्याचे ठरले. सुमारे २२ हजारांवर दाव्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मात्र नामंजूर झाले. मुदत हुकलेल्या हजारोंसाठी २०१० साली वेगळी तडजोड करावी लागली.

दाव्यात काय सिद्ध करायचे होते, ते पाहा. आपण अर्ज केला होता, तो नाकारला किंवा लांबवला, आणि आपल्यासारख्याच स्थितीतल्या अमुक गोऱ्या शेतकऱ्याला अधिक चांगली वागणूक मिळाली. म्हणजे पुन्हा आपली बांधापलीकडच्याची कसोटी. पंधरा-पंधरा वर्षांपूर्वीचे हे सारे दाखवायचे, तेव्हा जुना कागद किती मोलाचा ठरला असेल, याचा विचार आपणच करावा.

आपल्याकडे कोण अडते?

*१. भगिनी.* जमीन तिच्या एकटीच्या नावे असेल तर कर्जदार तीच. "मालकांना घेऊन या" ही कायद्याची अट नव्हे. जामीनदार मागायचा तर तो पुरुष सभासदाला मागतात तसाच मागावा. पण खरी अडचण आधी घरातच होते. उताऱ्यावर तिचे नावच नसते. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क आहे. हयातीत पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून उताऱ्यावर लावण्यासाठी शासनाचे १९९२ चे लक्ष्मीमुक्तीचे परिपत्रक आहे. घरात कर्ता पुरुष गेला, तर वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी. दुःखात कागद मागे पडतो आणि त्याच वर्षी विधवा बहिणीचे पीककर्ज अडते.

आमच्या खात्याचीही एक सूचना आहे. पुष्कळ घरी चौघांचा ऊस एकाच्या नावे नोंदवला जातो. बिल एकाच्या खात्यावर जाते आणि बाकीच्यांची पत तयारच होत नाही. ज्याचा उतारा, त्याच्या किंवा तिच्या नावे उसाची नोंद करा.

*२. वनपट्टा आणि वर्ग २ ची जमीन.* २००६ च्या वनहक्क कायद्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. तो वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. त्यामुळे "तारण नाही" असे ऐकावे लागते. पण १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे, आणि तो जिल्हा बँकांनाही आहे. शिवाय वसुलीचा करार असेल, तर ३ लाखांपर्यंतच्या किसान क्रेडिट कार्डाला पिकाच्या तारणावरच मंजुरी देण्याची बँकांना मुभा आहे. ऊस बिलातून कर्ज कापून देणे हा असाच करार. म्हणून उसाच्या नोंदीचा दाखला अर्जासोबत जोडावा. वर्ग २ च्या भोगवटादाराला सहकारी संस्थेकडे किंवा बँकेकडे जमीन गहाण देण्याची सोयही जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. "वर्ग २ म्हणजे कर्ज नाही" असे सरसकट म्हणणे बरोबर नाही.

*३. बटाईने करणारा.* घाम त्याचा, उतारा दुसऱ्याचा. कूळ लागेल या भीतीने मालक कागद करून देत नाही. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत मात्र खंडकरी, तोंडी कराराने करणारे आणि बटाईदार हेही पात्र धरले आहेत. एकट्याला जमत नसेल तर ४ ते १० जणांचा संयुक्त देयता गट करून कर्ज मागता येते.

काय करावे? क्रमाने सांगतो

१. मागणी तोंडी करू नका. अर्ज दोन प्रतींत करा. सात-बारा, आठ-अ, बेबाकी दाखला आणि उसाच्या नोंदीचा दाखला जोडा.

२. दुसऱ्या प्रतीवर तारीख, आवक नंबर आणि शिक्का घ्या. हीच पोच. कोणी घेत नसेल तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

३. ठरल्या मुदतीत उत्तर आले नाही, तर "निर्णय आणि कारण लेखी कळवावे" असे स्मरणपत्र द्या.

४. कारण "सिबिल" असे दिले, तर आपला पतअहवाल मागवा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

५. कारण पटले नाही, तर आधी त्याच बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा फोन नंबर आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती बँकाही या लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

६. तक्रार विकास सोसायटीबद्दल असेल तर तालुक्याला सहायक निबंधक आणि जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक यांच्याकडे जा.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लोकपाल "याला कर्ज द्याच" असा हुकूम सहसा करत नाही, कारण कर्ज द्यावे की नाही हा बँकेचा धंद्याचा निर्णय मानतात. पण पोच दिली नाही, कारण कळवले नाही, नियम पाळला नाही, ही सेवेतील कसूर तो पाहतो. म्हणजे इथेही तक्रारीचा पाया तुमच्या हातातली पोचच. आणि एवढे करेपर्यंत निकड म्हणून विनापरवाना सावकाराला खरेदीखत करून देऊ नका. दिलेच असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो.

पंचांना दोन शब्द

हे पान वाचणाऱ्यांत सोसायट्यांचे पंच, चेअरमनही आहेत. आपण कर्ज मागणारे आहोत तसे देणारेही आहोत. संचालक मंडळात महिलांच्या दोन जागा, तसेच अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांच्या जागा कायद्याने राखीव ठेवल्या त्या फोटोपुरत्या नाहीत. मर्यादा पत्रक मंजुरीला आले, की त्यांनी विचारावे : किती अर्ज आले, किती नाकारले, कोणाचे आणि का? प्रत्येक नकाराचे कारण ठरावात लिहा. खरे कारण असेल तर ते लिहायला हात अडखळत नाही. जे कारण लिहिता येत नाही, ते मनातूनही काढून टाकावे.

अर्जाचा नमुना

मा. सचिव / शाखाधिकारी यांस,
विषय : पीककर्ज मागणी अर्जावरील निर्णय लेखी कळविणेबाबत.

महोदय, मी मौजे ............ येथील गट नं. ............ मधील ............ हेक्टर क्षेत्रात ऊस लागणीसाठी दि. ............ रोजी पीककर्ज मागणी अर्ज दिला असून त्याचा आवक नं. ............ आहे. सदर अर्जावर काय निर्णय झाला, मंजूर मर्यादा किती, आणि नामंजूर अथवा कमी मंजूर केला असल्यास त्याचे कारण काय, हे मला लेखी कळवावे ही विनंती. सोबत सात-बारा, आठ-अ, बेबाकी दाखला व ऊस नोंद दाखला जोडला आहे.

सही / अंगठा, तारीख.

हा नमुना कापून ठेवावा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचा अर्ज घरातल्या शिकत्या मुलामुलीने भरून द्यावा, आणि तेही जमत नसेल तर गट कार्यालयात यावे. आमचे शेतकी मदतनीस तो भरून देतील. उसाच्या नोंदीचा दाखला मागणाऱ्या प्रत्येकाला तो गट कार्यालयातून मिळेल. तो दिला नाही, तर का दिला नाही, हे आम्हालाही लेखीच विचारावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग